स्वभाव आणि मतं : भित्रा माणूस परंपरावादीच होतो का?

पायवाट (धागाकर्ता)

'भित्री माणसं परंपरावादी होतात, मोकळ्या मनाची पुरोगामी होतात आणि हळवी माणसं देवाधर्माकडे वळतात.' ही तीन विधानं हल्ली कुठेही वाचायला मिळतात, आणि मागे 'हे संशोधनाने सिद्ध झालंय' असं शेपूट असतंच. माझ्या मते पहिलं अर्धवट खरं आहे. दुसरं खरं आहे, पण सांगतात त्याच्या मानाने फारच थोडं. तिसरं जवळपास चूक आहे. यावर नीट चर्चा व्हावी म्हणून धागा काढतोय.

आधी शब्द पक्के करू. भावनिक स्वभाव म्हणजे भीती, राग, किळस, उल्हास या गोष्टी एखाद्यात किती पटकन उसळतात, किती वर चढतात आणि ओसरायला किती वेळ घेतात, याची बऱ्यापैकी टिकून राहणारी ठेवण. आज मन खट्टू आहे, हा स्वभाव नव्हे. मतांचेही निदान तीन गठ्ठे वेगळे ठेवायला हवेत: सामाजिक (परंपरा, शिक्षा, लैंगिकता), आर्थिक (कर, वाटप, सरकारने किती हात घालावा) आणि धार्मिक. धार्मिकात पुन्हा श्रद्धा वेगळी, आचरण वेगळं आणि 'आमचंच खरं' हा कडवेपणा वेगळा. हे सगळं एका पट्टीवर मोजलं की उत्तर हमखास चुकतं.

स्वभावासाठी सर्वांत रुळलेली चौकट पाच गुणांची आहे: नव्या अनुभवांबद्दल मोकळेपणा, शिस्तशीरपणा, बहिर्मुखता, सालसपणा आणि भावनिक अस्थिरता (लवकर चिंता, लवकर खिन्नता). २०१२ साली सिबली, ऑस्बर्न आणि डकिट यांनी ७३ अभ्यास एकत्र केले, माणसं ७१,८९५. राजकीय परंपरावादाशी मोकळेपणाचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळून बदलतात याचा उणे १ ते अधिक १ मधला आकडा, शून्य म्हणजे संबंध नाही) निघाला उणे ०.१८ आणि शिस्तशीरपणाचा अधिक ०.१०. भावनिक अस्थिरतेचा जवळजवळ शून्य. म्हणजे 'चिंता करणारे लोक परंपरावादी' हे सरळ वाक्य इथेच गळून पडतं.

तरी लोकांच्या डोक्यात भीतीचं सूत्र पक्कं बसलंय ते मुख्यतः २००३ च्या एका मोठ्या आढाव्यामुळे. जॉस्ट, ग्लेझर, क्रुग्लान्स्की आणि सलोवे यांनी १२ देशांतले ८८ नमुने आणि २२,८१८ जणांची माहिती एकत्र केली. त्यात मृत्यूच्या भयाचा सहसंबंध ०.५०, संदिग्धता सहन न होण्याचा ०.३४ आणि सुव्यवस्थेच्या ओढीचा ०.२६ आला. आकडे एवढे मोठे येण्याचं एक कारण असं, की 'परंपरावाद' म्हणून त्यांनी नुसता डावा-उजवा कल धरला नव्हता. अधिकारशाही वृत्ती आणि हटवादीपणा यांच्या चाचण्याही त्यात होत्या. आता हटवादीपणाच्या चाचणीत 'मला संदिग्धता आवडत नाही' या अर्थाचे प्रश्न असणारच. तोच प्रश्न दोन्ही बाजूंना ठेवला तर सहसंबंध मोठा येईल, नाहीतर काय होईल?

आता जाणकारांनी भर घालावी.

शून्यप्रहर

उत्तम धागा. ०.१८ म्हणजे नेमकं किती, हे सांगितल्याशिवाय ही चर्चा पुढे सरकत नाही, म्हणून तेवढं मांडतो.

नेहमीचा हिशेब म्हणजे वर्ग करणे. ०.१८ चा वर्ग ०.०३२, म्हणजे मतांमधल्या एकूण फरकांपैकी साधारण ३ टक्के फरक मोकळेपणाशी जुळतो. ०.१० असेल तर १ टक्का. पण टक्क्यांनी मनात चित्र उभं राहत नाही, त्यापेक्षा हे करून पाहा. कोणतीही दोन माणसं उचला. त्यातला जो जास्त मोकळा आहे तोच कमी परंपरावादी असेल, अशी पैज लावा. सहसंबंध शून्य असता तर १०० पैकी ५० पैजा जिंकला असतात. उणे ०.१८ ला ५६ जिंकाल. शिस्तशीरपणाच्या ०.१० ला ५३. आणि २००३ च्या त्या ०.५० ला ६७. (सूत्र सोपे आहे: सहसंबंधाचा आर्कसाइन रेडियनमध्ये घ्या, त्याला π ने भागा, त्यात अर्धा मिळवा.)

लाखो मतदारांच्या पातळीवर ५६ विरुद्ध ४४ ही मोठीच गोष्ट आहे. समोर बसलेल्या एका माणसाबद्दल मात्र त्यावरून काहीही बोलू नये. 'तू भित्रा आहेस म्हणून तुझं मत असं' हे वाद घालताना वापरणाऱ्यांनी हा ५६ चा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरी गोष्ट नमुन्याच्या आकाराची. ०.१८ चा खरा संबंध दहापैकी आठ वेळा सापडावा असं वाटत असेल तर साधारण २४० माणसं लागतात. ०.१० साठी ७८०. आता ४६ माणसांचा अभ्यास घ्या. तिथे सहसंबंध ०.२९ च्या वर गेल्याशिवाय तो 'लक्षणीय' (निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा) म्हणून छापलाच जात नाही. म्हणजे खरा संबंध ०.१८ असला तरी लहान अभ्यासातून बाहेर पडणारा आकडा फुगलेलाच असणार. त्यात कोणी लबाडी केलेली नसते. चाळणीची भोकंच तेवढी मोठी आहेत, बारीक दाणा वर राहतच नाही.

काजळी

शून्यप्रहर यांनी ४६ हा आकडा उगाच घेतलेला नाही, असं समजून लिहिते.

२००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात ऑक्सली आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. अमेरिकेत नेब्रास्कातल्या लिंकन शहरातली, ठाम राजकीय मतं असलेली ४६ माणसं. त्यांना ३३ चित्रं दाखवली, त्यातली तीन धमकावणारी: घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर बसलेला मोठा कोळी, रक्ताळलेल्या चेहऱ्याचा भांबावलेला माणूस, आणि किडे पडलेली उघडी जखम. त्वचेची विद्युतवाहकता मोजली (घाम सुटला की ती वाढते), आणि वेगळ्या चाचणीत अचानक मोठा आवाज करून पापणी किती जोरात मिटते तेही मोजलं. ज्यांची प्रतिक्रिया तीव्र होती ते संरक्षणखर्च, मृत्युदंड, इराक युद्ध अशा गोष्टींच्या बाजूने जास्त होते. तिथून 'परंपरावाद्यांचं शरीरच जास्त घाबरतं' ही गोष्ट जगभर पसरली.

हे मोजमाप प्रत्यक्षात कसं होतं ते पाहिलं की त्यातले खाचखळगे कळतात. कमी वापराच्या हाताच्या दोन बोटांवर चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड लावतात, मध्ये अर्धा व्होल्टचा स्थिर दाब ठेवतात. ईसीजीची जेल चालत नाही. ती फार खारट असते, त्यामुळे वाहकता खोटी वाढते. हात साध्या पाण्याने धुवायचे, स्पिरिटने पुसायचे नाहीत. खोली गार असली की घामग्रंथी आळसावतात आणि सगळेच 'शांत स्वभावाचे' दिसायला लागतात. चित्र दाखवल्यापासून साधारण एक ते तीन सेकंदांत आलेखावर चढ सुरू व्हायला हवा. त्याआधी सुरू झाला तर तो खोकल्याचा किंवा खोल श्वासाचा, चित्राचा नव्हे. दोन चित्रांत दहा-बारा सेकंद तरी सोडायचे, नाहीतर पहिल्याचा उतार दुसऱ्याच्या चढात मिसळतो. शिवाय काही लोकांची त्वचा प्रतिसादच देत नाही. त्यांना वगळायचं की शून्य धरायचं, हे आधीच ठरवलेलं नसेल तर निकाल हवा तसा वळवता येतो.

सगळं नीट केलं तरी एक अडचण उरतेच. त्वचेची वाहकता उत्तेजना सांगते, भावना सांगत नाही. भीती, राग, किळस, उत्सुकता, सगळ्यांचा चढ दिसायला सारखाच. तोंडावरच्या कोळ्याने कोणाला भीती वाटली आणि कोणाला किळस, हे त्या रेषेवरून कळायचा मार्ग नाही.

आणि मग २०२०. बकर, शुमाखर, गॉथ्रो आणि आर्सेनो यांनी पद्धत आधी जाहीर करून तोच प्रयोग २०२ जणांवर पुन्हा केला, शिवाय त्याच कल्पनेचे थोडे वेगळे प्रयोग अमेरिकेत ३५२ आणि नेदरलँड्समध्ये ८१ जणांवर. मूळ निष्कर्षाला आधार मिळाला नाही. 'भित्रं शरीर' या गोष्टीवर मी तरी आता विसंबत नाही.

दोनओळी

काजळी, फार छान समजावलंत. मेंदूच्या स्कॅनचं काय मग? मेंदूतल्या अमिग्डाला या भागाबद्दल कायम ऐकायला मिळतं. आणि जुळ्यांचे अभ्यास?

काजळी

स्कॅनचं थोडक्यात सांगते. २०११ साली कनाई आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९० तरुणांचे स्कॅन पाहिले. परंपरावाद्यांत उजवा अमिग्डाला मोठा, उदारमतवाद्यांत अँटीरियर सिंग्युलेट भागातला करडा पदार्थ जास्त, असं निघालं. २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या ९२८ जणांवर हेच तपासलं, तेव्हा सिंग्युलेटचा संबंध दिसला नाही. अमिग्डालाचा दिसला, पण आधीच्या मानाने साधारण एक तृतीयांश. शून्यप्रहर म्हणतात ती चाळणी इथेही तशीच. शिवाय अमिग्डाला म्हणजे 'भीतीचं केंद्र' हे समीकरणही फार ढोबळ आहे. बक्षिसाला, नव्या चेहऱ्याला, कुठल्याही महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीला तो भाग प्रतिसाद देतो.

जुळ्यांचं शून्यप्रहर यांनी सांगावं.

शून्यप्रहर

जुळ्यांचा हिशेब समजायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एखाद्या मताबाबत एकसारख्या जुळ्यांतला सहसंबंध ०.६० आणि भिन्न जुळ्यांतला ०.४० आहे. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सगळी सारखी, भिन्न जुळ्यांची साधारण निम्मी, म्हणून दोन आकड्यांतला फरक दुप्पट करतात. फरक ०.२०, दुप्पट केला की ०.४०. म्हणजे मतांतल्या फरकांचा ४० टक्के वाटा आनुवंशिक. ०.६० मधून हे ०.४० वजा केले की उरले ०.२०, तो एकत्र वाढल्याचा वाटा. बाकी ४० टक्के ज्याचा त्याचा अनुभव आणि मोजमापातली चूक.

यात गृहीतकं दोन. एक, दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना घरात सारखीच वागणूक मिळते. दुसरे, आईवडिलांनी एकमेकांना मतं बघून निवडलेलं नाही. दुसरं उघडच चूक आहे. राजकीय मतं आणि धर्माचरण यांबाबत जोडीदारांत जेवढं साम्य असतं तेवढं स्वभावगुणांत नसतं. त्यामुळे भिन्न जुळी अपेक्षेपेक्षा जास्त सारखी निघतात आणि आनुवंशिक वाटा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. पहिल्या गृहीतकातली चूक बरोबर उलटीकडे ओढते.

आल्फर्ड, फंक आणि हिबिंग यांच्या २००५ च्या निबंधानंतर राजकीय मतांत आनुवंशिक वाटा आहे हे पुष्कळांनी मान्य केलं. पण 'जनुकं स्वभाव घडवतात आणि स्वभाव मतं घडवतो' ही साखळी त्यातून सिद्ध होत नाही. फेरहुल्स्ट, ईव्ह्ज आणि हातेमी यांनी २०१२ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांचं म्हणणं असं की स्वभाव आणि मतं यांना सामाईक आनुवंशिक मूळ असू शकतं, एक दुसऱ्याला जन्म देतं असं दिसत नाही.

या निबंधाची पुढची हकिकत या विषयात पडणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. २०१६ मध्ये त्याची दुरुस्ती छापावी लागली, कारण राजकीय मतांच्या आकड्यांचं कोडिंग उलटं झालं होतं. १ म्हणजे परंपरावादी की उदारमतवादी, एवढाच घोळ. त्यामुळे कोणत्या बाजूचे लोक जास्त कणखर-धाडसी (मानसशास्त्रज्ञ आयझेंक यांच्या 'पी' मोजपट्टीवर) हे बरोबर उलटं छापलं गेलं होतं. कार्यकारणाचा मुख्य युक्तिवाद टिकला, पण मधली चार वर्षं उलटी दिशाच उद्धृत होत राहिली. म्हणून माहिती हातात आली की पहिलं काम: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा एखादा संबंध काढून पाहायचा. उदाहरणार्थ, धर्मस्थळी वारंवार जाणं आणि सामाजिक परंपरावाद. इथेच उणे चिन्ह आलं तर पुढे जाऊच नये.

ओलावा

धार्मिक बाजूवर लिहितो. पायवाट यांनी तिसरं विधान जवळपास चूक म्हटलंय ते योग्यच आहे.

सारोग्लू यांनी २०१० मध्ये १९ देशांतले ७१ नमुने, २१,७१५ माणसं, एकत्र केली. धार्मिकतेशी सातत्याने जुळणारे गुण दोनच निघाले: सालसपणा आणि शिस्तशीरपणा. भावनिक अस्थिरता जुळत नाही. म्हणजे मनाने डळमळीत माणूस धर्माकडे जातो, हे सरासरीने खरं नाही. मोकळेपणाचं वागणं जास्त रंजक आहे: कडव्या, अक्षरनिष्ठ धार्मिकतेशी त्याचं वाकडं, आणि संस्थेबाहेरच्या आध्यात्मिक ओढीशी मात्र सूत जुळतं. 'तुम्ही धार्मिक आहात का?' एवढा एकच प्रश्न विचारला की या दोन्ही गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात आणि हाती शून्य लागतं.

मग संकटात माणसं देवाकडे वळतात ते काय? तेही खरंच आहे, पण ती परिस्थिती झाली, स्वभाव नव्हे. २२ फेब्रुवारी २०११ ला क्राइस्टचर्चला भूकंप झाला. न्यूझीलंडमध्ये तेव्हा एक दीर्घकालीन पाहणी चालूच होती, त्यामुळे त्याच माणसांची आधीची आणि नंतरची उत्तरं हाती होती. भूकंपाची झळ लागलेल्यांत धार्मिकता वाढली, इतरत्र नाही. अशी आधी आणि नंतरची माहिती क्वचित मिळते, म्हणून मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो.

स्वभावाचा संबंध जास्त दिसतो तो माणूस धर्माकडे *कसा* येतो यात. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ मध्ये एडिंबरोच्या व्याख्यानांत दोन ठेवणी मांडल्या होत्या: एक निकोप मनाची, जिला जग मुळातच चांगलं वाटतं, आणि दुसरी आतून पोळलेली, जिला मोडून पुन्हा उभं राहावं लागतं. पुढे कर्कपॅट्रिक आणि ग्रॅन्क्विस्ट यांनी जिव्हाळ्याच्या नात्यांच्या सिद्धांतावरून हेच तपासलं. लहानपणी आधार भक्कम मिळालेली मुलं साधारण आईवडिलांची श्रद्धा (किंवा अश्रद्धा) शांतपणे पुढे चालवतात. आधार डळमळीत असलेल्यांत एकाएकी, भावनेच्या भरात होणारं धर्मांतर जास्त आढळतं. दोघंही पुढे तितकेच धार्मिक असू शकतात, म्हणून 'किती धार्मिक' एवढंच मोजणाऱ्या प्रश्नावलीत हा फरक दिसत नाही.

आणखी एक. वयाचा परिणाम विसरू नये. केनिग आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या जुळ्यांच्या अभ्यासात, वाढत्या वयातल्या (आठवून सांगितलेल्या) धार्मिकतेत आनुवंशिक वाटा १२ टक्के आणि एकत्र वाढल्याचा ५६ टक्के. मोठेपणी तेच आकडे ४४ आणि १८. घरात आहोत तोवर घराची श्रद्धा, बाहेर पडल्यावर आपल्या ठेवणीची. स्वभाव आणि श्रद्धा यांचा संबंध पंधरा वर्षांच्या मुलांत शोधला तर तो फिका दिसण्याची शक्यता जास्त.

काजळी

ओलावा, सहमत. सालसपणाबद्दल थोडी भर: तो संबंधही सगळीकडे सारखा नसतो. जिथे समाजच धार्मिक आहे तिथे तो जास्त ठळक, जिथे समाज बराचसा निधर्मी आहे तिथे फिका. गेबाउअर आणि सहकाऱ्यांनी हे बऱ्याच देशांत दाखवलंय. सालस माणूस आजूबाजूला जे चांगलं मानलं जातं त्याला धरून राहतो, आणि तिथे धर्म चांगला मानला जात असेल तर तो धर्माला धरतो.

राजकारणात हाच सालसपणा शून्याजवळ दिसतो तेव्हा लोक तो गुण सोडून देतात. तो सोडू नये, फोडून पाहावा. हर्श आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याचे दोन भाग केले. करुणा उदारमतवादाकडे झुकते, आदबशीरपणा परंपरावादाकडे. दोन्ही खरे आणि एकत्र बेरीज शून्य.

तिसरा_कोन

इथे भीतीवर इतकं बोललं गेलं की राग मागेच पडला. राजकारणात माझ्या मते राग जास्त महत्त्वाचा आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर लर्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ९७३ जणांची पाहणी केली. काहींना त्या घटनेतला राग आठवायला लावला, काहींना भीती. भीती आठवलेल्यांना पुढचे धोके मोठे वाटले, राग आठवलेल्यांना लहान. घटना एकच आणि परिणाम विरुद्ध दिशेचे. दोघांना 'नकारात्मक भावना' या एका खान्यात टाकलं असतं तर काहीच दिसलं नसतं.

१३ नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतरची पाहणीही हेच सांगते. फ्रान्समधल्या अतिउजव्या पक्षाला मत देण्याशी जुळला तो राग. भीती तशी जुळली नाही. मार्कस, न्यूमन आणि मॅक्युअन यांच्या सिद्धांतातलं कारण मला पटतं: चिंता माणसाला थबकवते, तो नवी माहिती शोधतो आणि जुन्या निष्ठेपासून थोडा सुटतो. राग माणसाला आधीच ठरलेल्या दिशेने ढकलतो. म्हणून प्रश्नावलीत 'या विषयाने तुम्ही किती अस्वस्थ होता?' असं कधीही विचारू नका. अस्वस्थ या शब्दात दोन्ही भावना मावतात. 'किती राग येतो' आणि 'किती भीती वाटते' असे दोन सरळ प्रश्न ठेवा.

किळसेबद्दलही लिहायला हवं. इन्बार, पिझारो आणि ब्लूम यांनी २००९ मध्ये परंपरावाद्यांना किळस जास्त येते असं दाखवलं. पण किळसेच्या जुन्या प्रश्नावलीत शेण, जखमा, कुजलेलं अन्न, मृतदेह अशीच उदाहरणं होती. २०२० मध्ये जर्मनीत एलाड-स्ट्रेंगर, प्रोख आणि केसलर यांनी उदाहरणंच बदलली, दोन्ही बाजूंना किळसवाण्या वाटतील अशा प्रसंगांबद्दल विचारलं, तेव्हा कोणाला जास्त किळस येते हे उदाहरणांवर अवलंबून आहे असं निघालं. मोजपट्टीच एका बाजूच्या जगातून उचललेली असेल तर 'किळसाळू कोण' हा प्रश्न सोडवल्यासारखा वाटतो आणि तसाच राहतो.

पायवाट (धागाकर्ता)

तिसरा_कोन, राग आणि भीती वेगळे ठेवण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा, धाग्यातच घालायला हवा होता.

आर्थिक मतांचं राहिलंय. मल्का, सोटो, इन्झलिक्ट आणि लेल्केस यांनी २०१४ मध्ये ५१ देशांची माहिती तपासली. सुरक्षितता आणि निश्चितता यांची ओढ असलेले लोक सामाजिक बाबतीत परंपरावादी झुकतात, पण आर्थिक बाबतीत बऱ्याचदा डावीकडे, सरकारी संरक्षणाच्या बाजूने. विचार केला तर स्वाभाविकच आहे. ज्याला अनिश्चिततेचा धसका आहे त्याला बाजाराच्या भरवशावर म्हातारपण काढावंसं का वाटेल? २०२१ मध्ये ब्रँट आणि सहकाऱ्यांनी ५६ देशांतल्या ६०,३७८ जणांवर तपासून सांगितलं की धोका कसला, मत कशाबद्दलचं आणि देश कोणता, या तिन्हींवर दिशा ठरते. हिंसेची भीती एकीकडे नेते, गरिबीची दुसरीकडे.

म्हणून 'भित्रा माणूस परंपरावादी' याऐवजी मी असं म्हणेन: धसका घेणाऱ्या माणसाला आधार लागतो, आणि त्याच्या भोवती कोणता आधार उपलब्ध आहे त्यावरून त्याचं मत ठरतं. पूर्व युरोपात जुनी व्यवस्था म्हणजे समाजवाद होती, त्यामुळे तिथे स्थैर्याची ओढ बरेचदा डावीकडे घेऊन गेली.

तिसरा_कोन

थोडा मतभेद नोंदवतो. तुम्ही अजूनही स्वभाव आधी आणि मत नंतर असं धरून चाललाय. उलटंही होतं. बकर, लेल्केस आणि मल्का यांनी २०२१ मध्ये दाखवलं की लोक आपल्या स्वभावाबद्दल जे सांगतात तेही राजकीय निष्ठेने बदलतं. 'मोकळ्या मनाचा' हे ज्या गटात मानाचं बिरुद आहे, त्या गटातला माणूस स्वतःला मोकळ्या मनाचा म्हणवतो. वोजचिक आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यासही असाच: परंपरावादी लोक स्वतःला जास्त सुखी सांगतात, पण लिखाणातले आनंदाचे शब्द आणि फोटोतलं खरं हसू मोजलं तर पारडं उलटीकडे कलतं. म्हणजे आपण जो 'स्वभाव' मोजतो त्यातला काही भाग स्वतःची गटाला साजेशी ओळख आहे.

पायवाट (धागाकर्ता)

मान्य. यामुळे वरचे ०.१८ आणि ०.१० हेही काही अंशी फुगलेले असू शकतात.

दोनओळी

मला एका अभ्यासगटासाठी छोटी ऑनलाइन पाहणी करायची आहे: पाच स्वभावगुण आणि सामाजिक, आर्थिक, धार्मिक अशी तीन मतं. दहा प्रश्नांची स्वभावचाचणी आणि २०० माणसं असा विचार होता. वरचं वाचून धीर खचला. निदान कमीत कमी काय करावं?

शून्यप्रहर

धीर सोडू नका, चुका आधी कळल्या हे चांगलंच.

दहा प्रश्नांची चाचणी म्हणजे एका गुणाला दोनच प्रश्न, विश्वसनीयता (मोजमाप किती भरवशाचं, याचा शून्य ते एक मधला आकडा) कमी येते. समजा ती ०.६० आली आणि मतांच्या मोजपट्टीची ०.७०. तुम्हाला दिसलेला ०.१८ हा मग खऱ्या ०.२८ चा खुजा अवतार असू शकतो (०.१८ ला ०.६० आणि ०.७० यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागा). बीएफआय-२ या पाच गुणांच्या रुळलेल्या चाचणीची ३० प्रश्नांची छोटी आवृत्ती घ्या, गुणाला सहा प्रश्न मिळतात. त्यातले निम्मे उलट्या अर्थाचे असतात, ते तसेच ठेवा. 'हो'ला 'हो' म्हणत जाण्याची सवय पुष्कळांना असते. १९५० मधल्या अडोर्नो यांच्या प्रसिद्ध एफ-मोजपट्टीतली सगळी विधानं एकाच दिशेची होती, त्यामुळे अधिकारशाही वृत्ती आणि नुसती मान डोलावण्याची सवय त्यात वेगळी करता येईना.

पाच गुण गुणिले तीन मतं म्हणजे १५ सहसंबंध. खरा संबंध एकही नसला तरी त्यातला निदान एक 'लक्षणीय' निघण्याची शक्यता साधारण ५४ टक्के. म्हणून तुमची दोन-तीन मुख्य भाकितं माहिती गोळा करण्याआधी लिहून तारीख टाकून ठेवा. बाकीच्यांना होल्मची कसोटी (एकदम बरेच संबंध तपासताना चाळणी कडक करायची रीत) लावा: समजा १२ उरले, तर सर्वांत लहान पी-मूल्य (संबंध नसतानाही असा आकडा योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ भागिले १२, म्हणजे ०.००४२ च्या खाली हवं, पुढचं ११ ने भागून, आणि असंच पुढे. माणसं शक्य तर ८००. २०० वरच थांबावं लागलं तर फक्त मोकळेपणा आणि सामाजिक मत एवढाच एक संबंध तपासा.

काजळी

भाषांतराचं मी सांगते. एकाने मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत मूळ भाषेत न्यायचं, आणि तिसऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं. मोकळेपणाच्या प्रश्नांत कला, कविता, अमूर्त विचार फार येतात. तिथे शिक्षण मोजलं जातंय की स्वभाव, हे पाहायला शिक्षण आणि वय दोन्ही वेगळे विचारून ठेवा. 'मी भावनिकदृष्ट्या स्थिर आहे' असली वाक्यं मराठीत कोणी बोलत नाही. 'माझं मन सहसा शांत असतं' असं लिहा. मुख्य पाहणीआधी दहा-बारा जणांना प्रश्न मोठ्याने वाचायला लावून प्रत्येकाचा अर्थ विचारा. जिथे दोघंतिघं अडखळतील तो प्रश्न बदला.

तिसरा_कोन

आणि स्वभावाचे प्रश्न व मतांचे प्रश्न एका बैठकीत घेऊ नका. जमलं तर दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. नाहीच जमलं तर स्वभाव आधी, मतं शेवटी. आधी मतं विचारली की माणूस आपल्या गटाची टोपी घालूनच स्वभावाची उत्तरं देतो.

ओलावा

धर्मासाठी निदान तीन प्रश्न वेगळे ठेवा: श्रद्धा किती, आचरण किती वेळा, आणि 'माझाच मार्ग खरा' याला किती सहमती. या तिघांची बेरीज करू नका.

दोनओळी

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा प्रश्नांची चाचणी रद्द, ३० ची घेते. दोन टप्पे, मध्ये दोन आठवडे. मतांचे प्रश्न दुसऱ्या टप्प्यात, राग आणि भीती वेगळे. मुख्य भाकितं दोन: मोकळेपणा आणि सामाजिक मत, सालसपणा आणि धर्माचरण. शून्यप्रहर, दुसऱ्या टप्प्यात गळती किती धरू?

शून्यप्रहर

तिसरा हिस्सा गळेल असं धरून चाला. शेवटी ८०० हवी असतील तर पहिल्या टप्प्यात १,२०० घ्या. आणि गळलेल्यांचे स्वभावाचे आकडे राहिलेल्यांशी ताडून पाहा. दुसऱ्यांदा वेळेवर परत येणारे बहुधा जास्त शिस्तशीर असतात, म्हणजे नेमका त्याच गुणाचा पल्ला तुमच्या नमुन्यात आखडतो आणि त्याचा सहसंबंध दबतो.